मंजूचं नाव

भरवेली, बालाघाट

प्रिय रूपाली,

परवा तुझा फोन आला तेव्हा मी नुसती हौ-हौ करत राहिले. तू इतक्या आनंदात होतीस की मधे बोलवेना, म्हणून आज लिहायला बसले. लग्न होऊन इथं आल्यापासून मराठी लिहायची वेळच येत नाही. घरात आपली बोली, दाराबाहेर हिंदी. चुकलंमाकलं सांभाळून घे.

आम्ही ठीक आहोत. गजूच्या बाबांची खाणीत पाळी बदलली, त्यामुळे सकाळी त्याला आंघोळ मीच घालते. तो आता बारा वर्षांचा झालाय, पाय तसेच लुळे, पण अंगानं भरलाय. उचलताना माझी कंबर धरते. मग तोच ओशाळतो आणि भिंतीकडे बघत बसतो.

दोन वर्षांपूर्वी दिवाळीत तू आलीस, तेव्हा समोरच्या क्वार्टरमधली मैनाबाईची मंजू दिवसभर आमच्याकडेच असायची. आठवतं ना? गजूची जीभ जड, त्याचं बोलणं मलासुद्धा दोनदा विचारावं लागतं; पण मंजूला पहिल्या खेपेला कळायचं. तो काही म्हणाला की ती लगेच आम्हाला सांगायची, "काकू, त्याले चहा नाही पाहिजे, खिडकी उघडा म्हणते." त्याची चाकाची खुर्ची ढकलत ती शाळेत न्यायची, आणि येताना दोघांच्या कपड्यांवर खाणीची काळी धूळ. तू त्यांच्यावर गोष्ट लिहिते म्हणालीस, खरीच नावं ठेवू का विचारलंस. मी हरखून हो म्हणाले होते. मैनाबाईही तेव्हा हसलीच होती.

पुस्तक आलं तो दिवस मी विसरणार नाही. शाळा हिंदी, म्हणून मंजू अडखळत वाचत होती आणि एकेक ओळ गजूला समजावून देत होती. शेवटी सगळी शाळा टाळ्या वाजवते, तिथं दोघंही खूप हसले. खरं तर आमच्या शाळेत तसं काही झालं नव्हतं. पाचवीनंतरची शाळा लांब, पायऱ्याही उंच; गजूचं जाणं थांबलं ते थांबलंच. मंजू सायकलनं जायला लागली, पण संध्याकाळी यायची. त्याला तेवढं पुरत होतं.

मग कोणीतरी त्या पानांचे फोटो मोबाईलवर फिरवले. शाळेतली पोरं मंजूला "गजू की दुल्हन" म्हणायला लागली. ते लांजीला तिच्या मामाच्या घरापर्यंत पोचलं. एका दुपारी मैनाबाई आली, उंबऱ्यातच उभी राहिली. म्हणाली, "सत्यभामा, तुह्या पोरावर माहा राग नाही. पण माही पोरगी आता मोठी झाली. लोक बोलून राह्यले. उद्या कोण करीन तिले?" मी तिला बस म्हणाले, ती बसली नाही. मला राग यायला हवा होता, पण आला नाही. मला मुलगी असती तर मी काय केलं असतं, याचाच विचार मनात आला.

मंजू तरी दोनदा चोरून आली. दुसऱ्यांदा मैनाबाईनं तिला आमच्या अंगणातच मारलं. गजू आत होता. त्याला सगळं ऐकू आलं, आणि उठून जाता येईना. त्यानं खुर्चीचा दांडा इतका आवळला होता की मला एकेक बोट सोडवावं लागलं. त्यानंतर मंजू आली नाही. सायकलवरून जाते, मान खाली घालून. गजूनं खुर्ची दारातून आत घ्यायला लावली. "काहून?" म्हटलं, तर म्हणाला, "मी दिसलो तर तिले पाहावं लागते."

रूपाली, तू वाईट वाटून घेऊ नकोस. तू चांगल्याच मनानं लिहिलंस.

आता तू म्हणतेस, पुस्तक हिंदीतही निघतंय, बालाघाटला मोठा कार्यक्रम आहे, दोघांना स्टेजवर बसवायचं आहे. आम्ही येणार नाही. मी गजूला तुझा निरोप सांगितला. तो म्हणाला, "मावशीले लिही. माह्यं नाव राहू दे. तिचं काढ." पुन्हा छापताना एवढं कर. दुसरं कोणतं नाव टाकायचं, असं मी त्याला विचारलं. ते त्यानं सांगितलं नाही. फक्त म्हणाला, आपल्या कॉलनीत त्या नावाची एकही पोरगी नको.

तुझीच,
सत्यभामा