छोटी शेगडी चालली असती

मी, खाली सही करणारा, वय वर्षे चौऱ्याहत्तर, धंदा घर उबदार ठेवायच्या लोखंडी शेगड्या व धुराडी बसवणे, हे मृत्युपत्र पूर्ण शुद्धीत, कोणाच्याही दडपणाखाली न येता, स्वतःच्या हाताने लिहीत आहे. डोके ठिकाणावर आहे. जीव मात्र थाऱ्यावर नाही, तेव्हा अक्षर वाकडेतिकडे आल्यास वाचणाऱ्याने सांभाळून घ्यावे. यापूर्वीचे मृत्युपत्र रद्द समजावे. का, ते कलम चारमध्ये येईल.

कलम एक. राहते घर, त्यातील सामान व बँकेतील शिल्लक माझ्या एकुलत्या एका मुलीस मिळावी. ती परिचारिका आहे, दिवसभर दुसऱ्यांची उस्तवार करते, तेव्हा माझ्यामागे तिने आवराआवर करत बसू नये. तिच्या आईच्या खोलीचा रंग खुशाल बदलावा. तो तिच्या आईलाही आवडत नव्हता, मीच हट्टाने दिला होता.

कलम दोन. दुकान, पत्रा कापायच्या कात्र्या, धुराडी साफ करायचे लांब ब्रश व घड्याळाचे तीन कोरे पट्टे हेही मुलीस. दुकान तिने चालवावेच असा आग्रह नाही. विकल्यास घेणाऱ्याला एक गोष्ट बजावून सांगावी: गिऱ्हाईक आले की आधी खोली केवढी ते विचारायचे, शेगडी मग दाखवायची. लोक भरदार, काचेच्या दाराची शेगडी बघून भाळतात. लहान खोलीत ती दहा मिनिटांत घाम काढते. मग माणूस हवेची झडप बंद करतो, लाकूड जळायचे सोडून नुसते धुमसते, आणि धुराड्यात आतून डांबरासारखी काजळी चढते. ती काजळी एक दिवस पेट घेते. हे मी गिऱ्हाइकांना तोंडपाठ सांगतो. कुठे शिकलो, ते आजवर कोणाला सांगितलेले नाही.

(इथे उठून दोन फेऱ्या मारून आलो. वकील म्हणतात, असले काही मृत्युपत्रात लिहीत नाहीत. मी लिहिणार.)

कलम तीन. हे माझ्या धाकट्या बहिणीविषयी आहे. एकतीस वर्षांपूर्वी तिने नवे घर केले, तेव्हा शेगडी माझ्याकडून असे मी जाहीर करून टाकले. ती दुकानात आली आणि कोपऱ्यातल्या छोट्या शेगडीवर हात ठेवून म्हणाली, "दादा, ही चालेल की. आमची खोली ती केवढी!"

"गप गं," मी म्हणालो. "तुझ्या सासरचे म्हणतील, भावानं हात आखडता घेतला."

दुकानातली सगळ्यात मोठी पाठवून दिली. दुसऱ्याच हिवाळ्यात एका सकाळी धुराडे पेटले. वरची खोली गेली. तिच्या डाव्या हाताची दोन बोटे अजून नीट मिटत नाहीत.

धुराडे साफ करून तिला महिनाही झाला नव्हता; ब्रश माझाच नेला होता. तरी जमलेल्या सगळ्यांसमोर ती म्हणाली, "साफ करायचं राहिलं माझ्याकडून." मग मला बाजूला घेऊन: "तू तोंड उघडू नकोस, दादा. तुझं दुकान नुकतं उघडलंय."

मी उघडले नाही. तिने चूक अंगावर घेतली आणि मी मूग गिळून बसलो. चुकीची शेगडी निवडली ती मी. तिचा यात काडीचाही दोष नाही. हे मी शपथेवर लिहितो आणि मला याची लाज वाटते.

मेहुणे, म्हणजे तिचे यजमान, घड्याळजी आहेत. त्यांनी त्यानंतर घरात शेगडी येऊ दिली नाही. गेल्या महिन्यात बहिणीची छाती भरली, डॉक्टरांनी खोली उबदार ठेवायला सांगितले. मी शेगडीचा विषय काढला, तर मेहुणे तिच्यासमोरच म्हणाले, "हिच्या भरवशावर? एकदा घर जाळून झालंय." ती खाली बघून हसली. ते हसणे माझ्या डोळ्यांसमोरून हलत नाही. खरे सांगायला तीनदा त्यांच्या दुकानात गेलो आणि तीनदा घड्याळाचा पट्टा विकत घेऊन परत आलो.

कलम चार. आधीच्या मृत्युपत्रात ही कबुली होती आणि अर्धे दुकान बहिणीच्या नावे होते. पण ते उघडणार मी गेल्यावर. तोवर ती थांबेल कशावरून? त्या खोलीत ती आज कुडकुडते आहे. म्हणून साक्षीला मेहुण्यांनाच बोलावले आहे. वकील म्हणाले, "साक्षीदाराच्या बायकोला यातून काही देता येत नाही. दिलंत तर ते रद्द होईल." मी म्हणालो, "मग काढा तिचं नाव."

सबब, बहिणीला मी काहीही ठेवत नाही. छोटी शेगडी यात धरू नये. ती आजच टेम्पोत चढवली आहे. टेम्पोवाला दोनदा विचारून गेला, निघायचं का.

साक्षीदाराला मजकूर वाचावा लागत नाही, हे मला माहीत आहे. तरी मेहुण्यांनी सहीआधी कलम तीन वाचावे, एवढी विनंती.

ठिकाण: दुकानाची मागची खोली. मंगळवार, नऊ डिसेंबर, सकाळचे अकरा.

(सही)

साक्षीदार पहिले, शेजारचे औषधवाले: सही आमच्या दोघांच्या देखत झाली. (सही)

साक्षीदार दुसरे, घड्याळजी: कलम तीन वाचले. चष्मा पुसून परत वाचले. तीस वर्षे मी तिला चारचौघांत ऐकवत आलो. टेम्पो निघू द्या, मी सोबत जातो. (सही)