शकुबाईच्या ओट्यावरची भाकर

४ नोव्हेंबर, सोमवार
यांचा तिसरा केमो होऊन पाच दिवस झाले. सकाळी नाचणीची पेज – दोन चमचे. दुपारी मऊ भात, तूप, मेतकूट – ताट सरकवलं. "निर्मला, सगळं लोखंडावानी लागतंय गं." आतड्याच्या कॅन्सरची औषधं, चव जाते म्हणाले होते डॉक्टर. म्हणजे दोष माझा नाही. ठीक.

पण संध्याकाळी समोरच्या शकुबाईच्या ओट्यावर बसून यांनी भाकर खाल्ली! चांगली अर्धी. मी दारातून पाहिलं.

६ नोव्हेंबर, बुधवार
पुन्हा तिकडेच. आज पिठलं. अहो, मीही दुपारी पिठलंच केलं होतं! एक घास घेऊन उठले होते.

ती यांना 'नथ्या' म्हणते. शाळेत एका वर्गात होते म्हणे. माझ्या लग्नाला बावीस वर्षं झाली, उखाण्याशिवाय मी यांचं नाव घेतलेलं नाही.

७ नोव्हेंबर
जळते मी. लिहून टाकलं एकदाचं. नवरा एवढा आजारी, आणि मी एका विधवेच्या पिठल्यावर जळते!

९ नोव्हेंबर, शनिवार
अंगणवाडीत पोरांची वजनं घेतली. सुपरवायझर बाई म्हणाल्या, "निर्मलाताई, टाकवे गावात तुमची मुलं सगळ्यात गुटगुटीत." सगळ्या गावाची पोरं मी खाऊ घालते. घरातला एक माणूस जेववता येत नाही.

संध्याकाळी कुडाआडून ओट्यावर काय चालतं ते बघितलं. लाज वाटली, तरी बघितलं. शकुबाई आधी स्वतःला वाढून घेते! आजारी माणसासमोर मचामचा खाते, भातकापणीच्या गप्पा मारते, यांच्याकडे ढुंकूनही बघत नाही. मग हेच टोपल्यातली भाकर उचलतात.

हावरट बाई! मी हे जेवल्याशिवाय आजवर घास घेतलेला नाही. ताटासमोर बसून असते, एकेक घास मोजत. हे उठले की माझीही भूक मरते, माझं ताट तसंच झाकून ठेवते. तिला काय कळणार त्यातलं!

१३ नोव्हेंबर, बुधवार
भांडले. "तिच्या हाताला काय अमृत लागलंय का?"

हे म्हणाले, "तितं भूक लागती."

आणि इथं? भिंतीकडे तोंड करून पडून राहिले.

१४ नोव्हेंबर
शकुबाई पाणी भरताना भेटली. "बरी हायेस ना गं?" मी हंडा उचलला आणि आले.

१८ नोव्हेंबर, सोमवार
परवा चौथा केमो. वजन कमी असेल तर पुढे ढकलू, असं डॉक्टरांनी बजावलेलं. म्हणून यांना अंगणवाडीच्या काट्यावर उभं केलं. सव्वा किलो वाढलंय! डोळ्यांत पाणी आलं. आणि त्याच क्षणी मनात आलं – हे सगळं शकूच्या भाकरीचं. किती वाईट आहे मी.

हे उतरले. म्हणाले, "आता तू चढ."

माझं काय वजन करायचं? तरी चढले. छप्पन्न किलोची मी. काटा एकोणपन्नासवर!

"शकूच म्हणली, बायकू वाळत चाललीया तुजी, काट्यावर घाल तिला." मग खाली बघत, "मी खाल्लं तरच तू खाणार. त्या वज्झ्यानं घास घशातच अडाकतो. तितं ती खात असती, माझ्यावर कुणी टपून नसतं. मग मलाबी खावंसं वाटतं."

पोरांच्या वजनाचं रजिस्टर उगाच चाळत बसले.

१९ नोव्हेंबर, मंगळवार
शकुबाईकडून वाटीभर पिठलं मागून आणलं. आज यांच्या आधी जेवायला बसले. पहिला घास चोरीचा वाटला. दुसरा बरा. मान वर केली नाही, खात राहिले.

अर्धी भाकर संपली तेव्हा शेजारी पाट सरकल्याचा आवाज आला.

"मलाबी वाढ की."