लिथियम-अकरा आणि आमच्या घरातले दोघे

मालवण, १२ मे २००३

सकाळी किनाऱ्यावर रापणीचं लांबलचक जाळं ओढताना एका दोरावर बाबा, दुसऱ्यावर काका. काकाचा दोर सैल पडला, मासळी निसटली, आणि बाबांनी वल्हं उचलून त्याच्या डोक्यात हाणलं. दोर रक्ताने भिजला. काका कोयता घेऊन धावला, "आज तुका सोडूचंय नाय!" मी कोयता हिसकावला, त्याचं डोकं बांधलं आणि त्याला त्याच्या सासुरवाडीला, आरोंद्याला जाणाऱ्या गाडीत कोंबलं. वाटलं, एकाला बाजूला काढलं की घर शांत होईल.

असं वाटलंच कसं मला? लिथियम-अकरावर तीन वर्षं काय लिहितोय मी? त्याच्या अणुकेंद्रात गाभ्यापासून लांब फिरणारे दोन न्यूट्रॉन केवळ जोडीमुळे टिकतात. एक उपटला की दुसऱ्याला गाभा धरूच शकत नाही, तोही तत्क्षणी सुटतो. प्रबंधात कळतं, घरात नाही. गाढव!

दुपारभर बाबा तो रक्ताचा दोर मांडीवर घेऊन बसले होते. आता ओटीवर नुसता दोर आहे. आई विचारते, "बापूस खंय गेलो रे?"

कोयता मी दाराआड ठेवला होता. तिथे नाही.