गोधडीच्या पॉलिसीवर दुसरे नाव

मी, खाली सही करणार, वय एकाहत्तर, विधुर, बत्तीस वर्षे दातांच्या प्रयोगशाळेत कवळ्या करण्याचे काम केलेला आणि आता निवृत्त, हे मृत्युपत्र स्वतःच्या हाताने लिहीत आहे. माझी बुद्धी शाबूत आहे. डॉक्टरांचा तसा दाखला सोबत जोडला आहे. माझ्यावर कोणाचा दबाव नाही. अक्षर हलले आहे ते मी घाबरलो आहे म्हणून. येत्या बारा तारखेला माझ्या पोटातल्या फुगलेल्या मोठ्या रक्तवाहिनीचे ऑपरेशन आहे. "बारा जणांतला एक टेबलावरून उठत नाही," असे सर्जनने सांगितले, तेही मी खोदून विचारले तेव्हा. यापूर्वी मी मृत्युपत्र केलेले नाही.

कलम १. दुसऱ्या मजल्यावरचे माझे राहते घर माझ्या एकुलत्या मुलास मिळावे. मात्र कलम ४ मधील कुत्री आणि तिला सांभाळणारी व्यक्ती यांना तिथे सहा महिने राहू द्यावे. मुलाच्या घरी कुत्री जाऊ शकत नाही. नातीला केसांनी दम लागतो. याबद्दल माझा राग नाही. पूर्वी होता, तो मी सोडला आहे.

कलम २. माझी हत्यारे, म्हणजे मेण कोरायच्या अकरा कोरण्या, स्पिरिटचा दिवा आणि झिलईची छोटी मोटर, प्रयोगशाळेत आता माझ्या जागी बसणाऱ्या मुलीला द्यावीत. सर्वांत बारीक कोरणी डाव्या बाजूने झिजली आहे, ती सरळ करू नये. माझ्या हाताखालून निघालेल्या कवळ्या स्वतःच घडवतो असे पेशंटना सांगणाऱ्या चौकातल्या दंतवैद्यास काहीही देऊ नये. त्यांची स्वतःची वरची कवळी माझीच आहे, तेवढे पुरे.

कलम ३. बँकेतील ठेवींपैकी एक ठेव कुत्रीच्या विम्यासाठी आणि औषधांसाठी बाजूला ठेवावी. पावतीवर 'गोधडी' असे पेन्सिलीने लिहिले आहे. बाकी सर्व मुलाचे.

कलम ४. हे कलम लांब आहे. वकिलाने "थोडक्यात लिहा" म्हटले होते, पण ते मला जमत नाही.

गोधडी ही अकरा वर्षांची कुत्री. अंगावर काळे, तांबडे, पांढरे तुकडे जोडल्यासारखे, म्हणून हे नाव. ती माझ्या बायकोने आणली. विम्याचा कागद बायकोच्या नावावर होता, मी तो कधी उघडूनही पाहिला नव्हता. गोधडी सहा वर्षांची असताना तिचे हृदय मोठे झाल्याचे निघाले, तेव्हा औषधे, तपासण्या, सगळे विम्यातून झाले. मला वाटे, हे असेच होत असते.

चार वर्षांपूर्वी बायको गेली. पहिल्या आठवड्यात घरात माणसे होती. त्यांत तिची धाकटी बहीण, माझी मेहुणी, होती. ती ग्रंथपाल, कुठलाही कागद शेवटच्या ओळीपर्यंत वाचायची तिला सवय. ती हळूच म्हणाली, "भाऊजी, गोधडीच्या पॉलिसीची तारीख आलीय. आणि कागद ताईच्या नावावर आहे, तो बदलून घ्यायला हवा."

मी सर्वांसमोर ओरडलो, "माझी बायको गेलीय आणि तुला कुत्रीच्या विम्याचं पडलंय? ऊठ आधी इथून."

ती उठली, चपला घातल्या आणि गेली.

तारीख उलटून गेल्यावर नऊ दिवसांनी मी कंपनीला फोन केला. पॉलिसी संपली होती. दुसऱ्या कंपन्यांनी गोधडीला घेतले, पण हृदय वगळून. त्यांच्या लेखी तो 'पूर्वीचा आजार' झाला होता. मेहुणीचे बरोबर होते. ते मान्य करण्यापेक्षा तिने माझा अपमान केला असे धरून चालणे मला सोपे गेले. चार वर्षे मी तिच्याशी बोललो नाही, आणि लोकांना सांगत राहिलो की तीच बोलत नाही.

त्यानंतर मात्र मी शिकलो. स्वयंपाकघरातल्या टेबलावर आलेखाचा कागद पसरून चार कंपन्या शेजारी शेजारी मांडल्या. एकीचा हप्ता कमी, पण आजारासाठी फक्त बारा महिने पैसे, मग हात वर. दुसरीत कुत्रे आठ वर्षांचे झाले की प्रत्येक बिलाचा पाचवा हिस्सा आपला. तिसरीच्या जाहिरातीत कुत्रे धावत होते आणि अटी इतक्या बारीक छापल्या होत्या की मी मेण तपासायचे भिंग आणले. चौथी महाग, पण दरवर्षी वेळेवर नूतनीकरण केले तर एकदा धरलेला आजार ती शेवटपर्यंत सोडत नाही. मी चौथी घेतली. पुढच्याच वर्षी गोधडीला मधुमेह निघाला. इन्सुलिन आज त्याच पॉलिसीवर चालू आहे.

पण हप्ता दरवर्षी चढतो. तीन वर्षांत तो दुपटीच्या वर गेला. नूतनीकरणाचे पत्र फेब्रुवारीत येते. दाराच्या फटीतून टपाल पडल्याचा आवाज आला की महिनाभर मी आधी त्यात कंपनीचे पाकीट शोधतो. गेल्या वर्षी पाकीट हातात घेऊन मी जिन्यातच बसलो. खालच्या मजल्यावरच्या शिंपीणबाई कापड घेऊन वर येत होत्या. "कोणी गेलं का?" त्यांनी विचारले. मी म्हणालो, "नाही, अजून उघडलं नाही."

मी काय काय केले ते लिहून ठेवतो, सांभाळणाऱ्याला उपयोगी पडेल. दरमहा भरण्याऐवजी वर्षाचा हप्ता एकदम भरला, तो स्वस्त पडतो. बिलातला आपला पहिला वाटा वाढवून घेतला. परदेश प्रवासाचे कलम काढून टाकले. गोधडी बसमध्येही उलटी करते. स्कूटर विकली. फोन करून "मी दुसरीकडे जातो" म्हटले की पहिला माणूस काही देत नाही, दुसऱ्याकडे जोडून द्या म्हणावे, तो थोडे कमी करतो. खरोखर दुसरीकडे मात्र कधीही जाऊ नये. दहा वर्षांवरील कुत्र्याला नवीन कोणी घेत नाही, आणि हृदयासारखा मधुमेहही 'पूर्वीचा आजार' होईल.

यंदा फेब्रुवारीत तपासणीत माझी फुगलेली रक्तवाहिनी सापडली. त्याच दिवशी घरी येऊन पॉलिसीत मी एकच शब्द शोधला: मृत्यू. अठराव्या पानावर होता. विमाधारक मेला की पॉलिसी त्याच दिवशी संपते. सहमालकाचे नाव आधी नोंदलेले असेल तरच ती पुढे चालते.

मुलाला फोन केला. तो म्हणाला, "बाबा, आधी ऑपरेशनचं बघा. कुत्रीचं काय ते नंतर बघू."

नंतर म्हणजे माझ्या नंतर, हे त्याला कळले नसावे. फोन ठेवला आणि दोन दिवसांनी मेहुणीचा नंबर लावला.

"मी बोलतोय," म्हणालो.

तिने विचारले, "गोधडी बरी आहे ना?"

मी सगळे सांगितले. चार वर्षांपूर्वीचेही सांगितले, चूक माझी होती हेसुद्धा. ती म्हणाली, "ते राहू द्या. कुत्री मृत्युपत्रात लिहून काय होणार? माझं नाव आत्ता पॉलिसीवर चढवा. मी येते."

ती आली. दोन मार्चला, सोमवारी, आम्ही दोघांच्या सह्यांनिशी अर्ज पाठवला. कंपनीतल्या बाईंनी सांगितले की नोंदणीला कामाचे दहा दिवस लागतात, म्हणजे सोळा तारीख. ऑपरेशन बाराला.

मी सर्जनला चार दिवस मागितले. ते म्हणाले, "आज रात्री फुटली तर मी चार दिवस कुठून आणू?" तेव्हापासून मी खोकतानाही पोट धरून खोकतो. जड पिशवी उचलत नाही. सोळा तारखेपर्यंत मला मरता येत नाही, आणि ते माझ्या हातात नाही.

मी मेहुणीला एक गोष्ट सुचवली. बाराला काही झाले तर सोळापर्यंत कंपनीला कळवू नकोस.

"खोटं मी बोलणार नाही," ती म्हणाली. "पण पॉलिसी राहो न राहो, गोधडी माझ्याकडे राहील. माझी पेन्शन आहे." तिच्या पेन्शनमध्ये इन्सुलिन किती महिने बसेल ते मी मांडून पाहिले आहे. ते इथे लिहीत नाही.

म्हणून: गोधडी माझ्या मेहुणीला मिळावी. इन्सुलिन सकाळी सात आणि संध्याकाळी सात, खाल्ल्यावर. हृदयाची अर्धी गोळी चीजमध्ये द्यावी. पावात दिली तर ती पाव खाते आणि गोळी थुंकते. सुई टोचताना तिच्याशी बोलत राहावे, काय बोलतो याला महत्त्व नाही.

कलम ५. शिंपीणबाईंना शिवणकामाला उपयोगी पडेल म्हणून माझा मोठा आरसा द्यायचा होता. त्या साक्षीदार असल्याने देता येत नाही असे वकील म्हणाला. म्हणून तो काल जिवंतपणीच खाली नेऊन दिला. (उचलला त्यांनी.)

स्थळ: राहते घर. दिनांक ५ मार्च, गुरुवार.
मृत्युपत्र करणाराची सही
साक्षीदार: १. खालच्या मजल्यावरील शिंपीण. २. जनावरांच्या दवाखान्यातील नर्स.

पुरवणी, दिनांक ११ मार्च, बुधवार, दुपार.

वरील मृत्युपत्र कायम ठेवून पुढील मजकूर जोडत आहे. आज अकरा वाजता कंपनीचे पत्र आले. नोंदणी वेळेआधी झाली. पॉलिसीवर आता दोन नावे आहेत. मेहुणीच्या वस्तीत दवाखाने महाग, म्हणून हप्ता आणखी वाढला. तो तिने माझ्यासमोर भरला. एकवीस मार्चला संपणाऱ्या पॉलिसीचे नूतनीकरण झाले. गोधडीला आता धोका नाही.

पत्र मी तीनदा वाचले आणि सुटल्यासारखे वाटायची वाट पाहिली. वाटले नाही. महिनाभर मी कुत्रीसाठी घाबरलो होतो असे मला वाटत होते. कुत्रीचे सगळे मिटले आणि भीती जागची हलली नाही. ती माझी होती. उद्या सकाळी सात वाजता मला आत नेणार आहेत आणि मला मरायचे नाही.

हे मी मेहुणीला सांगितले. तिने हॉस्पिटलची पिशवी भरणे थांबवले.

"ताईलाही शेवटी भीती वाटत होती," ती म्हणाली.

"मला ती कधी बोलली नाही."

"तुम्ही घाबराल म्हणून. माझ्याकडे बोलायची."

"मग तू काय करायचीस?"

"काही नाही. बसून राहायचे."

तिने पिशवी खाली ठेवली, खुर्ची ओढली आणि बसली. साक्षीदार जिन्यात आले आहेत, त्यांची पावले ऐकू येत आहेत. ती अजून बसली आहे. एवढे लिहून मी सही करतो.

स्थळ: तेच.
मृत्युपत्र करणाराची सही
साक्षीदार: वरीलप्रमाणे, दोघीही हजर.