गप्प राहणाऱ्याचा गजर

आबा, आज मी मीटिंगमध्ये साहेबांवर ओरडले आणि ओरडताना डोळ्यांसमोर तुम्ही होता. त्यातला निम्मा राग तुमचा आहे, तो घ्या.

माझं काम तुम्हाला कधी कळलं नाही. "कॉम्प्युटरात काय करतीस गं दिवसभर?" म्हणायचा. ऐका आता. एक मशीन दुसऱ्याला निरोप पाठवतं तेव्हा स्वतःपाशी एक गजर लावतं: पोचपावती आली नाही तर पुन्हा पाठवायचं. पावती बहुधा येतेच आणि गजर वाजायच्या आत रद्द होतो. असे लाखो गजर एका वेळी चालू असतात. कोणता आधी वाजणार, अशा क्रमानं ते लावत बसलं तर मशीनचा सगळा जीव त्यातच जाईल. म्हणून मी ते वेळेच्या ढोबळ कप्प्यांत टाकते, आई बाहेरगावी गेलेल्यांची नावं मनात टाकायची तसे. टेंभुर्णीला गेलेल्याची चौकशी दुपारच्या भाकरीला, पुण्याला गेलेल्याची दिवेलागणीला. मधे घड्याळाकडे बघायचं नाही. पोचल्याची रिंग आली की ते नाव मनातून काढलं, संपलं.

रिंगचा नियम तुमचाच की! "पोचलीस की रिंग दे. बोलायचं न्हाई, नुसती रिंग दे आन् ठेव." एकदा हॉस्टेलवर पोचून विसरले, तर वॉर्डनच्या फोनवर सगळ्या पोरींसमोर मला झापलंत. आणि स्वतः? पाण्याच्या मोटारी दुरुस्त करत गावोगाव हिंडायचा, कधी दिलीत रिंग? आई दारात येते, "तुमी पन द्या की एक." तुम्ही पान्हे पिशवीत टाकता, "मला काय हुतंय?" शेवटी तिनं तुमची वाट बघणंच सोडलं. मग नातेपुत्याला विहिरीपाशी छातीत कळ येऊन पडलात, दिवसभर तिथंच पडून होता, आणि इकडे सोलापुरात आम्ही निवांत जेवलो. तुम्ही गप्प म्हणजे सगळं ठीक, हे तुम्हीच शिकवलेलं. वेळेत आणलं असतं तर वाचले असते, म्हणाले डॉक्टर. अजून संताप येतो, आबा. लई येतो.

आणि आज साहेब म्हणतात, "ही जुनी कनेक्शन्स कधी तुटत नाहीत. यांचे गजर काढून टाक, सिस्टिम हलकी होईल." माझं डोकंच सटकलं. "अहो, गजर लावणं हलकं करा, ते मी केलंय! वाट बघणंच बंद काय करताय? कधीच न पडणारा एखाद्या दिवशी पडला, तर कळणार कुणाला?" साहेब हळूच म्हणाले, "बरं, राहू देत."

हे पत्र कुठं धाडणार मी, राहील ते माझ्याजवळच. एक मात्र सांगते. चाचणीसाठी मधेच गप्प होणारं एक मशीन मुद्दाम ठेवावं लागतं. त्याचं नाव मी 'आबा' ठेवलंय, ऑफिसात कुणाला कारण माहीत नाही. गरज नसली तरी रोज सकाळी ती चाचणी चालवते. आबा गप्प होतात, आणि गजर वाजतो.