साडूचा पेनड्राईव्ह

रविवार, ५ जुलै

सासऱ्यांकडे जेवण. त्यांचा कॉम्प्युटर तीन आठवडे बंद होता. चालू केला की काळा पडदा आणि कोपऱ्यात एक लुकलुकणारी रेघ. जेवण झाल्यावर धाकट्या मेहुणीच्या नवऱ्यानं, म्हणजे माझ्या साडूनं, शर्टाच्या खिशातून नखाएवढा पेनड्राईव्ह काढला आणि कॉम्प्युटरला मागून खुपसला. दोन-चार बटणं दाबली. चहा निवायच्या आत कॉम्प्युटर नव्यासारखा. सासऱ्यांनी त्याची पाठ थोपटली.

चोवीस वर्षांत माझी पाठ त्यांनी एकदाच थोपटली आहे. तेव्हा मला ठसका लागला होता.

साडू लिफ्ट दुरुस्त करतो. मी दोन विषयांत एम.ए., हायस्कूलला भूगोल शिकवतो. हेवा वगैरे अजिबात नाही. फक्त नोंद करून ठेवतो.

येताना बायको म्हणाली, माझा लॅपटॉपही अगदी संथ झालाय, त्यांना बोलवू या का? मी म्हटलं, घरात माणूस असताना बाहेरचा कशाला? ती म्हणाली, घरात कोण आहे?

शाळेचं छप्पर गळतंय म्हणून दोन आठवडे सुट्टी आहे. बुधवारपर्यंत लॅपटॉपवर नवी सिस्टीम टाकून दाखवणार.

सोमवार, ६ जुलै

सकाळी बायकोकडे पेनड्राईव्ह मागितला. ती माझ्याकडे जरा वेळ बघत राहिली. मग दोन दिले. दोन्ही काळे, अगदी जुळे. विणकामाच्या शिबिरात सगळ्यांना वाटले होते म्हणे.

लॅपटॉपमध्ये तिचे विणकामाचे नमुने आहेत. बासष्ट. अकरा वर्षं एकेक चौकट रंगवून काढलेले. त्यांचं पुस्तक निघायचंय, १८ तारखेला प्रकाशकाला पाठवायचेत. ती म्हणाली, नमुन्यांना काही होणार नाही ना? मी म्हटलं, पहिली पायरी बॅकअप, हे मला कुणी शिकवायला नको. सगळे नमुने एका पेनड्राईव्हवर घेतले. उघडून पाहिले. ड्रॉवरमध्ये ठेवला. पद्धत म्हणजे पद्धत.

दुपारी माझ्या कॉम्प्युटरवर नव्या सिस्टीमची भलीमोठी फाईल उतरवली. चार तास लागले. ती दुसऱ्या पेनड्राईव्हवर टाकली, फोटो टाकतो तशी. यूट्यूबवरच्या बाई म्हणतात की त्यासाठी वेगळा प्रोग्रॅम लागतो. बाईंना उगाच गोष्टी वाढवून सांगायची सवय दिसते.

मंगळवार, ७ जुलै

१०.००. पेनड्राईव्ह लावून लॅपटॉप चालू केला. जुनीच सिस्टीम आली.

१०.२०. पुन्हा जुनीच.

११.००. चालू होताना एफ-बारा दाबायचं असतं असं कळलं. दाबलं. उशिरा दाबलं.

११.१०. लवकर दाबलं.

११.१५. पहिल्या सेकंदापासून तबल्यासारखं वाजवत राहिलो. एक यादी आली! तिच्यातला पेनड्राईव्ह निवडला. काळा पडदा. पांढऱ्या अक्षरांत एकच ओळ, की सुरू करण्याजोगं काही सापडलं नाही. म्हणजे पेनड्राईव्ह दिसतो, पण त्यात दम नाही.

दुसऱ्या शहरातल्या लेकीला फोन केला. ती म्हणाली, बाबा, नुसती फाईल कॉपी करून चालत नाही, पेनड्राईव्ह बूटेबल, म्हणजे त्यावरून लॅपटॉप चालू होईल असा, बनवावा लागतो, त्याचा प्रोग्रॅम असतो. इथपर्यंत ठीक. मग म्हणाली, काकांना विचारा ना, ते पटकन करतील.

काका! कॉलेजची फी मी भरली आणि पटकन करतात काका.

चिडून पेनड्राईव्ह ड्रॉवरमध्ये फेकला.

बुधवार, ८ जुलै

आजच व्हायला हवं होतं, पण दर्जा महत्त्वाचा. मुदत शुक्रवारपर्यंत वाढवली.

सकाळी प्रोग्रॅम मिळवला. ड्रॉवरमधून पेनड्राईव्ह काढून लावला. प्रोग्रॅमनं विचारलं, यातलं सगळं पुसलं जाईल, चालेल? चालेल. त्यानं पुन्हा विचारलं, नक्की? ही यंत्रं शिपायासारखी एकच गोष्ट दोनदा विचारतात. नक्की! हिरवी पट्टी भरत गेली. फार समाधान वाटलं. बायकोला बोलावून पट्टी दाखवली. ती म्हणाली, छान आहे, आणि पातेल्याखालचा गॅस बंद करायला गेली.

एफ-बारा. यादी. पेनड्राईव्ह. लाल चौकट. सुरक्षेचं उल्लंघन! लॅपटॉपला माझाच संशय.

दुपारी साडूचा फोन, बायकोच्या मोबाईलवर. सरांना सांगा, लॅपटॉपच्या सेटिंगमधलं सिक्युअर बूट बंद करून बघा. मला सगळे सासरचे सर म्हणतात, पण हा म्हणतो तेव्हा त्यात जरा तिरकेपणा असतो, नीट कान दिला तर ऐकू येतो. याला कळलं कसं, असं बायकोला विचारलं. ती म्हणाली, मीच बोलले. मी म्हटलं, त्यांना कळव, ते मी केव्हाच बंद केलंय.

तासभर थांबलो. मग बंद केलं. त्याच्या सांगण्यावरून नव्हे. मी त्याच दिशेनं निघालो होतो.

गुरुवार, ९ जुलै

चालू झालं! निळा पडदा, भाषा निवडा, पुढे जा. मी दारातच उभा राहून बायकोला हाक मारली. शेजारच्या आजोबांनाही दाखवलं. साडूच्या वेळी चहा निवायच्या आत झालं होतं हे खरं, पण तो जुना कॉम्प्युटर होता. जुन्यात काय कठीण?

पुढच्या पायरीवर सिस्टीम अडून बसली. या डिस्कची मांडणी जुन्या पद्धतीची आहे, इथे बसता येणार नाही. उपाय म्हणजे डिस्कचे सगळे भाग पुसून टाकणे. बॅकअप ड्रॉवरमध्ये आहे, मग भ्यायचं कशाला? पुसले. डिस्क सुट्टीतल्या फळ्यासारखी कोरी.

त्रेचाळीस टक्क्यांवर थांबलं. एक फाईल सापडत नाही म्हणे. सोमवारी उतरवलेली फाईलच बिघडलेली निघाली असणार. साडूच्या पेनड्राईव्हला असं का होत नाही? लिफ्टच्या शाफ्टमध्ये दिवस काढणाऱ्याला नशीब साथ देतं, आम्हाला मात्र टक्केवारी.

बायकोनं विचारलं, कुठवर आलं? मी म्हटलं, यंत्र विश्रांती घेतंय.

शुक्रवार, १० जुलै

९.३०. फाईल पुन्हा उतरवतोय.

११.४०. तोवर बॅकअप एकदा बघून घ्यावा म्हणून ड्रॉवरमधला पेनड्राईव्ह उघडला. आत एकच फाईल. सोमवारची, भलीमोठी.

११.४५. पुन्हा उघडला.

११.५०. तोच पेनड्राईव्ह. तीच फाईल. नमुने नाहीत.

१२.१०. म्हणजे बुधवारी ड्रॉवरमधून काढला तो दुसरा होता.

१२.१५. नक्की? असं त्यानं दोनदा विचारलं होतं.

५.००. जेवलो नाही. पोट बिघडलंय असं सांगितलं. बायकोनं पेज करून दिली. पेज पिताना तिच्याकडे बघवेना.

शनिवार, ११ जुलै

पुसलेल्या फाईली परत आणणारा एक प्रोग्रॅम मिळाला. पेनड्राईव्ह लावला. त्यानं तीन तास शोधून एकशे बारा फाईली काढल्या. नावं नाहीत, नुसते आकडे. पहिली उघडली, राखाडी ठिपके. दुसरी, राखाडी ठिपके. सदतिसाव्या फाईलमध्ये एका मोज्याची अर्धी टाच दिसली. मी ती पाच मिनिटं बघत बसलो.

बायको पुढच्या खोलीत विणत होती. तिनं हाक मारून विचारलं, अठरा तारखेचं जमेल ना? मी म्हटलं, अगदी. ती बरं म्हणाली. तिला काहीच कळलेलं नाही. माणसानं किती भाबडं असावं!

नीट विचार केला तर दोष कुणाचा? साडूनं त्या दिवशी सगळ्यांसमोर पेनड्राईव्ह मिरवला नसता, तर मी या वाटेला गेलोच नसतो. हे कुठेतरी लिहून ठेवायला हवं, म्हणून लिहिलं.

ठरवलंय, आज संध्याकाळी बायकोला सांगायचं.

संध्याकाळी ती फार खुशीत होती. अशा वेळी सांगणं बरं दिसत नाही.

रविवार, १२ जुलै

आज ती खुशीत नव्हती. अशा वेळी तर सांगूच नये.

सासऱ्यांकडे बोलावणं होतं. डोकं दुखतंय म्हणून मी घरी राहिलो. ती निघताना दारात थांबली. म्हणाली, काही सांगायचंय का? मी म्हटलं, छत्री ने.

दिवसभर राखाडी ठिपके. अडुसष्टपर्यंत पोचलो. आणखी टाच मिळाली नाही.

आल्यावर बायको म्हणाली, तुमचे साडू चौकशी करत होते. करणारच. जखमेवर मीठ चोळायला माणूस समोर लागतो ना.

सोमवार, १३ जुलै

सकाळी नऊला निघालो. कुठे ते बायकोला सांगितलं नाही. साडूचं काम दवाखान्याच्या इमारतीत चालू होतं. लिफ्ट बंद, त्यामुळे सहा मजले चढून गेलो. चौथ्यावर ठरवलं की परत जावं. पण चौथ्यापर्यंत आल्यावर परत जाण्यातही चार मजले असतातच.

सहाव्यावर लिफ्टचं दार उघडं, आणि आत लिफ्टच्या टपावर हा बसलेला, हातात पाना. मला बघून म्हणाला, सर, तुम्ही? दोन मिनिटं. मग बाहेर आला आणि हात पुसायला लागला. ग्रीस निघत नव्हतं. तो पुसत राहिला आणि मी सगळं सांगून टाकलं. दोन काळे पेनड्राईव्ह, हिरवी पट्टी, कोरी डिस्क, बासष्ट नमुने, अर्धी टाच. अकरा वर्षं हे दोनदा सांगितलं. म्हटलं, काही करता येईल का? तो प्रश्न तोंडातून निघाला एकदाचा.

तो म्हणाला, सर, बसा आधी.

मी जिन्याच्या पायरीवर बसलो.

तो म्हणाला, नमुने माझ्याकडे आहेत. गेल्या सोमवारी तुम्ही पेनड्राईव्ह मागितलात आणि आंघोळीला गेलात, तेव्हा ताईंनी तिसऱ्यावर कॉपी करून घेतले. संध्याकाळी आमच्याकडे ठेवून गेल्या. म्हणाल्या, ह्यांना करू दे, पण हे असू दे.

मी पायरीवरची धूळ रुमालानं झटकली.

तोही पायरीवर बसला, एक पायरी खाली. म्हणाला, मी हे शिकताना माझा कॉम्प्युटर चार वेळा पुसलाय. लग्नाचे फोटो गेले. तुमच्या मेहुणीनं आठवडाभर अबोला धरला होता.

मी विचारलं, लिफ्टच्या कामात हे कशाला लागतं? तो म्हणाला, नाही लागत. पण सासरे मला आल्या-गेल्याला ओळख करून देताना म्हणतात, हे आमचे धाकटे जावई, आणि थोरले दोन विषयांत एम.ए. आहेत. बारा वर्षं ऐकतोय. म्हटलं, एक तरी गोष्ट अशी शिकावी की जी त्या घरात कुणाला येत नाही. तुमचा फार हेवा वाटायचा, सर. अजूनही वाटतो मधूनमधून.

असं म्हणाला आणि उठून पुन्हा लिफ्टच्या टपावर गेला.

खाली उतरताना सहाही मजले हलका होतो. सासरे माझ्याबद्दल असं बोलतात! मला कधी कुणी सांगितलं नाही.

मंगळवार, १४ जुलै

साडू आला. लॅपटॉपची दोन्ही बाजूंची भोकं तपासली. नवा पेनड्राईव्ह माझ्याच हातानं बनवून घेतला. प्रोग्रॅमनं विचारलं, नक्की? मी त्याच्याकडे बघितलं. तो म्हणाला, नक्की. सव्वा तासात सिस्टीम बसली, बासष्ट नमुने परत आले. उतरवलेली फाईल पूर्ण आली की नाही, हे आधी एका लांबलचक आकड्याशी ताडून बघायचं असतं. एवढंच राहिलं होतं माझं. एवढं आणि पेनड्राईव्ह.

तो गेल्यावर बायकोला म्हटलं, बॅकअप होता तर मला सांगितलं का नाहीस? चार दिवस मी पेजेवर काढले.

ती लॅपटॉपवर एक नमुना मोठा करून बघत होती. मान वर न करता म्हणाली, शुक्रवारी तुम्ही ड्रॉवर वीस वेळा उघडलात, तेव्हाच कळलं. म्हटलं, आता सांगतील. शुक्रवारी वाट बघितली. शनिवारी मुद्दाम हसतमुख राहिले. रविवारी दारात उभी राहून विचारलं. मग म्हणाली, पुसलं गेल्याचं मला काही नाही हो. सांगितलंत त्यांना आधी.

मी म्हटलं, चहा ठेवू का? ती म्हणाली, ठेवा.

बुधवार, १५ जुलै

आज बायकोला मनातलं सांगायचं ठरवलं. सकाळी नाही जमलं. दुपारी ती नमुने पाठवण्यात होती. संध्याकाळी मी तिच्या खुर्चीपर्यंत गेलो आणि म्हटलं, तुझ्या बहिणीच्या नवऱ्याबद्दल मला जरा बोलायचंय. तिनं सुया खाली ठेवल्या. मी म्हटलं, हुशार आहे. ती म्हणाली, हो. मग पुढचं मला येईना. तिनं सुया पुन्हा उचलल्या.

इथे लिहितो. मला त्याचा हेवा वाटतो.

तो हे भर दिवसा, माणसासमोर, हात पुसता पुसता बोलून मोकळा झाला. मला कुणी न वाचायच्या वहीत लिहायला अकरा दिवस लागले. हेवासुद्धा त्यालाच नीट करता येतो.