छत्तीस जणांनी पाहिलेला रिपोर्ट

३ फेब्रुवारी
गाढवपणा केला! मृणालचा सोनोग्राफीचा रिपोर्ट मॉर्निंग वॉकच्या ग्रुपवर टाकला. छत्तीस जण! इथल्या डॉक्टरांनी गर्भाशय काढायला सांगितलंय, ती घाबरलीये, म्हटलं दुसऱ्या डॉक्टरांचं मत घ्यावं. आणि डोंबिवलीत ओळखीशिवाय चांगला डॉक्टर मिळतो होय? म्हणून फोटो टाकला, खाली लिहिलं — कुणाच्या ओळखीत आहे का कुणी? नाव, वय, सगळं तसंच. पाच मिनिटांनी डोक्यात प्रकाश पडला. घाईघाईने पुसायला गेलो, तर फक्त माझ्याच फोनमधून पुसला गेला. बाकीच्यांकडे आहेच.

मृणालला सांगितलेलं नाही.

४ फेब्रुवारी
सांगावं लागलंच नाही. ग्रुपमधल्या कमलेशने तिला भाजीवाल्यापाशी गाठलं. "वहिनी, पिशवी काढायची ना? टेन्शन नका घेऊ. माझ्या साडूच्या बायकोचीपण काढली, आता एकदम फिट!" मनाने चांगला आहे तो. पण भर रस्त्यात!

ती घरी आली, मेथी निवडली. मग म्हणाली, "अहो, मी पाळीचं माझ्या सख्ख्या भावाशीही कधी बोलले नाही." बस, एवढंच. ओरडली असती तर बरं वाटलं असतं.

५ फेब्रुवारी
आमटीत मीठ नाही. मागितलं नाही.

७ फेब्रुवारी
ग्रुपवर माफी मागितली — फोटो पुसा, मृणालला काही विचारू नका. कमलेशचा लगेच फोन. "अरे, मी तो मेव्हण्याला पाठवलेला, होमिओपॅथीवाला रे! त्यालापण सांगतो पुसायला." मेव्हण्याने आणखी कुणाला धाडलाय, देव जाणे. थेंबाने गेली ती हौदाने येत नाही म्हणतात, खोटं नाही.

ठाण्याच्या एका डॉक्टरबाईंची वेळ घेतली. ओळखबिळख काही लागली नाही. सरळ फोन केला, मिळाली.

११ फेब्रुवारी
ठाण्याला जाऊन आलो. काउंटरवरची मुलगी म्हणाली, "काका, रिपोर्टचे फोटो माझ्या नंबरवर टाका ना, मॅडमना दाखवते."
"तुमच्या स्वतःच्या नंबरवर?"
"हो, सगळे टाकतात."
नाही म्हणालो! पेशंट स्वतः फाइल डॉक्टरांच्या हातात देईल. जरा जोरातच बोललो बहुतेक. मृणाल खिडकीकडे बघत होती, पण गालातल्या गालात हसली. मी पाहिलं. आठ दिवसांनी!

आत बोलावल्यावर मीही उठलो. "तुम्ही बाहेरच बसा," म्हणाली. बसलो. पाऊण तास. आली ती एवढंच बोलली — अजून एक तपासणी केलीये, पाचसहा दिवसांत फोन येईल. तिच्या फोनवर. कसली तपासणी, विचारलं नाही. फार आवडते मला ही बाई. तोंडाने कधी म्हणालो नाही, इथे लिहितो.

१७ फेब्रुवारी
फोन आला. ती गॅलरीत गेली, दार लावून घेतलं. परत आली आणि कपड्यांच्या घड्या घालत बसली. मी विचारलं नाही! मदतीला बसलो. माझ्या घड्या तिने मोडून पुन्हा घातल्या.

१८ फेब्रुवारी
सकाळी जवळ येऊन बसली. कॅन्सर आहे. अगदी सुरुवात आहे, बरा होईल म्हणाल्या डॉक्टरबाई. ऑपरेशन करायचंच. माझा हात धरून म्हणाली, "फक्त तुम्हाला सांगितलंय. लेकीला माझं मी सांगेन."

दहा वाजता प्राचीचा पुण्याहून फोन. "बाबा, आईचं काय म्हणाले डॉक्टर?"
"आईला देतो," म्हणालो.